समन्स कुणाच्या नावावर

६ जानेवारी २०२४, नांदेड

धुरपता शेवटी गुडघ्याच्या ऑपरेशनला तयार झाली. दिवाळीपासून मागे लागलो होतो. तिचं एकच पालुपद, "माझा गुडघा माझ्यासंगं म्हातारा होऊ द्या की. हळू चालते, पर चालते."

हळू म्हणजे किती हळू, ते मी रोज बघतो. विहारात जायचं तर ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसणार, मग उठणार. परवा लातूरच्या हॉस्पिटलचं शिबिर होतं इथल्या मंगल कार्यालयात. मोठ्या पडद्यावर रोबो दाखवला. आधी पायाचा स्कॅन काढतात. त्यावरून कंपनीचा कॉम्प्युटर हाडाचा नकाशा बनवतो आणि कापायची रेघ ठरवतो. करवत त्या रेघेच्या बाहेर जाऊ लागली तर यंत्र स्वतःच थांबतं. त्या हॉस्पिटलचे डॉ. हरिओम म्हणाले, माझा हात एखाद्या दिवशी चुकेल, याचा चुकणार नाही.

मला पटलं. जन्मभर जिल्हा न्यायालयात बेलीफ होतो. समन्स घेऊन दारोदार फिरलो. माणसांच्या चुकांवरच माझं पोट भरलं म्हणायला हरकत नाही. चुकीचं नाव, चुकीचा पत्ता, बापाच्या जागी चुलत्याचं नाव. यंत्राचं तसं नसतं.

नांदेडलाही चांगले डॉक्टर आहेत, असं आमची लेक लुंबिनी देगलूरहून फोनवर म्हणाली. ती तिथं शाळेवर आहे. पण रोबो लातूरला आहे, आणि करायचंच तर चांगलं करावं. धुरपतानं सारं ऐकलं आणि म्हणाली, "तुमचं मन हाय तर करा."


३० जानेवारी, लातूर

ऑपरेशन पार पडलं. उजवा गुडघा. डॉ. हरिओम स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "काका, एकदम नकाशाप्रमाणे झालं. काकू उद्या उभ्या राहतील." त्यांच्यासोबत कंपनीचा इंजिनिअर होता, व्यंकट नावाचा. ऑपरेशन चालू असताना तो पडद्यापाशी उभा असतो. मी विनंती केली तेव्हा त्यानं मला काचेतून रोबो दाखवला. पांढरं प्लास्टिक पांघरून उभा होता. फोटो काढून लुंबिनीला पाठवला.

दुपारनंतर खोलीत आणलं. पाठीत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे कमरेखाली काही कळत नाही असं सिस्टरनं सांगितलंच होतं. संध्याकाळी धुरपता म्हणाली, पाय गार पडलाय, बोटं माझी वाटत नाहीत. मी म्हटलं, भूल उतरायला वेळ लागतो, शिवाय एसी आहे. पांघरूण नीट घातलं. थोड्या वेळानं परत तेच म्हणाली. सिस्टर काउंटरवर दुसऱ्या पेशंटचं काहीतरी करत होती. उगाच कशाला त्रास द्यायचा. एवढ्या मोठ्या मशीननं केलेलं ऑपरेशन, आणि आपण गावाकडच्या माणसांसारखं कुरकुर करायची, ते बरं दिसत नाही. धुरपताला समजावलं. मग ती गप्प झाली.

कँटीनचा चहा बरा आहे.


३१ जानेवारी

पाय काळानिळा. सकाळी सिस्टरनं पांघरूण काढलं आणि पळतच गेली. ॲम्ब्युलन्सनं सोलापूरला निघालोत. गाडीत लिहितोय.


४ फेब्रुवारी, सोलापूर

पाय काढला. मांडीच्या मध्यापासून.

इथले डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या मागची मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती. खाली रक्तच जात नव्हतं. मी विचारलं, वाचला असता का? ते म्हणाले, पहिल्या काही तासांत कळलं असतं तर बहुतेक वाचला असता. संध्याकाळपर्यंत आणलं असतं तरी प्रयत्न करता आला असता.

म्हणजे लातूरच्या लोकांनी संध्याकाळ वाया घालवली. कुणीही येऊन पाय बघितला नाही. मी या गोष्टीचा पिच्छा सोडणार नाही.

शुद्धीवर आल्यावर धुरपतानं हातानं चाचपून बघितलं. माझ्याकडे बघितलं. रडली नाही. म्हणाली, "तुमी जेवलात का?"


२३ फेब्रुवारी, नांदेड

घरी आलो. लुंबिनी रजा काढून आली आहे. ती आईला उचलते, पुसते, भरवायला बघते. धुरपता म्हणते, हात शाबूत हायेत की माझे.

काल म्हणाली, उजव्या पायाचा अंगठा खाजतोय. जो पाय नाही त्याचा. फोन केला तर डॉक्टर म्हणाले असं होतं, मेंदूला अजून पटलेलं नसतं. हे मी टिपून ठेवलं आहे. नुकसानीच्या तपशिलात घालता येईल.

लुंबिनी म्हणाली, "बाबा, तिच्याजवळ बसत जा जरा." बसतोच की. पण बसून काय होणार? कुणीतरी हे केलं आहे. नोकरीत मी एक शिकलो. प्रत्येक समन्सवर एक नाव असतं आणि त्या नावाला एक दार असतं. माणूस परागंदा झाला तरी दार सापडतं, त्यावर नोटीस चिकटवता येते. हे नाव मी शोधून काढीन.


११ मार्च, लातूर

डॉ. हरिओम यांना भेटलो. वाटलं होतं टाळतील. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. डोळे सुजलेले होते. मी तयारी करून गेलो होतो, ती तशीच राहिली.

"काका, करवत माझ्या हातात होती," ते म्हणाले. "पण हद्द त्यानं आखली होती. मी हद्दीच्या आतच होतो. पडद्यावर हिरवं होतं. यंत्र थांबायला पाहिजे होतं, थांबलं नाही, कारण त्याच्या हिशेबानं मी बाहेर गेलोच नव्हतो."

"मग हद्द चुकली कशी?"

"ते मला कळत नाही. खरं सांगतो. नकाशा कसा बनतो ते कंपनी आम्हालाही सांगत नाही."

"आणि तुमचे डोळे?"

यावर त्यांनी मान खाली घातली. पूर्वी हातानं ऑपरेशन करायचो तेव्हा मागे बोट घालून बघायचो, म्हणाले. आता पडदा बघतो. मग म्हणाले की हॉस्पिटलच्या वकिलानं तुमच्याशी बोलायला मना केलं आहे, हे बोललो ते इथंच राहू द्या.

मी काही कबूल केलं नाही.


२ एप्रिल

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसकडून उत्तर आलं. यंत्र केवळ सहाय्यक आहे, शस्त्रक्रियेचा अंतिम निर्णय सर्वस्वी शल्यविशारदाचा. त्या दिवशीची यंत्रातली नोंद मूळ उत्पादकाकडे आहे, तो परदेशात आहे. व्यंकटला फोन लावला तर तो नंबरच बंद. त्यानं नोकरी सोडली म्हणे.

पोलिसांत गेलो होतो. ठाणेदार सज्जन. डॉक्टरविरुद्धचं प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे जातं, तिचा अभिप्राय आल्याशिवाय हात लावता येत नाही म्हणाले. मग विचारलं, "गजभारे, तुम्ही तर कोर्टातले. आरोपी म्हणून लिहू कुणाला? मशीनला?" ते थट्टा करत नव्हते. लेखणी हातात धरून खरंच विचारत होते.




२८ मे

समितीचा अभिप्राय: रक्तवाहिनीला इजा हा या शस्त्रक्रियेतला ज्ञात धोका आहे, ढोबळ निष्काळजीपणा दिसत नाही. खासगीत एक सदस्य म्हणाले की आमच्यापैकी कुणीच रोबोवर काम केलेलं नाही, नकाशा बरोबर होता की चूक ते आम्ही कसं सांगणार?


१५ जून, लातूर

ॲड. महानंदा यांना वकीलपत्र दिलं. चाळिशीच्या आहेत, मूळ मुरुडच्या, बोलणं तुटक आणि स्वच्छ. त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला रस्ता दिसला. ग्राहक आयोगात जायचं. तिथं डॉक्टर, हॉस्पिटल, यंत्र विकणारी कंपनी आणि बनवणारी कंपनी, असे चार प्रतिपक्ष करता येतात. वस्तू सदोष असली तर बनवणाऱ्यावर जबाबदारी, सेवा सदोष असली तर देणाऱ्यावर. एकमेकांकडे बोट दाखवतील, दाखवू द्या म्हणाल्या. चौघं एका खोलीत आले की बोटं मोजता येतात.

चार दारं. मला बरं वाटलं.

तक्रारदार धुरपताच राहणार, पाय तिचा म्हणून. मी तिच्या वतीनं धावपळ करीन.

मग त्या म्हणाल्या, "यंत्राचं सिद्ध करायला वेळ लागेल, तज्ज्ञ लागेल. पण संध्याकाळचा मुद्दा पक्का आहे. पाय गार पडल्याचं काकूंनी सांगितलं आणि कुणी बघितलं नाही, तर हॉस्पिटल सुटत नाही. सिस्टरला सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, सांगितलं असेल.

"असेल की होतं?"

होतं, म्हटलं. मी मधे चहाला खाली गेलो होतो. तेव्हा तिनं सांगितलंच असणार. सिस्टर येऊन-जाऊन होत्याच. न सांगता कशी राहील? त्यांनी तसं तक्रारीत घातलं. रात्री घरी धुरपतानं न ऐकताच त्यावर सही केली. वाचून दाखवतो म्हटलं तर म्हणाली, "तुमी लिव्हलंय ना, मग झालं."


१९ सप्टेंबर

चौघांची म्हणणी आली. बाड घेऊन दिवसभर बसलो.

डॉक्टर म्हणतात हद्द चुकीची आखली गेली, मी यंत्रावर विसंबून होतो आणि तसंच विसंबायचं प्रशिक्षण मला मिळालं. विकणारी कंपनी म्हणते हाडात खुणेच्या पिना डॉक्टरांनी बसवल्या, पीन हलली तर नकाशा सरकतो, यंत्राला ते कळायचं कारण नाही. बनवणारी म्हणते आमच्याशी तक्रारदाराचा संबंधच नाही. हॉस्पिटल म्हणतं डॉक्टर आमचे नोकर नाहीत, ठरावीक दिवशी येणारे सल्लागार आहेत, आणि पेशंटनं संध्याकाळी कोणतीही तक्रार केली नाही.

धडधडीत खोटं! महानंदाताईंना फोन करून सांगितलं, हे खोडून काढायचं.

काल मी लातूरला तारखेला गेलो तेव्हा धुरपता न्हाणीघरात पडली. कपाळाला खोक पडली. शेजारचा शंकरप्पा आणि त्याच्या बायकोनं दार तोडून उचललं. लुंबिनी फोनवर बरंच बोलली. मला तारीख चुकवता येत नव्हती, हे तिला कळत नाही. आईसाठीच चाललंय ना सगळं?


३ डिसेंबर

कृत्रिम पाय बसत नाही. जखमेला लागतो, रक्त येतं. ती खुर्चीतच बरी म्हणते. विहारात गेली नाही त्याला वर्ष होत आलं. बायका घरी येऊन वंदना म्हणून जातात. त्या आल्या की मी कागद घेऊन आतल्या खोलीत बसतो.

आज म्हणाली, "तुमी माझ्याशी केसबिगर काय बोलतच न्हाई."

खरं आहे बहुधा. पण दुसरं काय बोलणार?


२२ फेब्रुवारी २०२५

आज घरी जबाब झाला. धुरपताला लातूरला नेणं अवघड, म्हणून आयोगानं एका वकिलाला कमिशनर नेमून घरी पाठवलं. बैठकीच्या खोलीत पलंग सरकवून खुर्च्या मांडल्या. हॉस्पिटलचा वकील आला होता. तरुण, बोलायला मऊ. डॉ. हरिओम यांचा वकील गप्पच बसून होता.

ऑपरेशनचं, सोलापूरचं, तिनं नीट सांगितलं. मग त्या मऊ वकिलानं विचारलं, "काकू, संध्याकाळी पाय गार पडल्याचं तुम्हाला जाणवलं होतं?"

"हाव."

"मग ते तुम्ही कुणाला सांगितलं?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं, सिस्टर म्हण. साधा प्रश्न होता. ती माझ्याकडेच बघत होती. खूप वेळ बघत होती. कमिशनरनं प्रश्न परत वाचला.

"न्हाई," ती म्हणाली. "कुणालाच न्हाई सांगितलं. मीच गप पडून राहिले."

"खोलीत तुमच्यासोबत कोण होतं?"

"मालक होते. त्यांना बी न्हाई सांगितलं. त्यांना काय ठावं न्हाई."

मी उठून उभा राहिलो. महानंदाताईंनी हात धरून खाली बसवलं.

एका वाक्यात तिनं केस बुडवली. आणि वाक्य खोटं! मला सांगितलं होतं तिनं, दोनदा सांगितलं होतं, मला चांगलं आठवतं. तिला विसरायला होतंय का? भुलीच्या औषधांनी वयस्क माणसांचं असं होतं म्हणतात. लोक गेल्यावर मी फार बोललो तिला. बोलायला नको होतं इतकं बोललो. ती भिंतीकडे तोंड करून पडली.


९ मार्च

हॉस्पिटलच्या वकिलानं अर्ज दिला आहे. तक्रारीत लिहिलंय की सिस्टरला सांगितलं, जबाबात म्हणते कुणालाच नाही. तेव्हा त्या संध्याकाळी खोलीत हजर असलेला एकमेव साक्षीदार म्हणून पतीची उलटतपासणी व्हावी.

उत्तमच झालं. मी सांगीन. मला सगळं आठवतं.


१६ मार्च

महानंदाताई दुसऱ्या कामासाठी नांदेडला आल्या होत्या, घरी आल्या. मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर दोघी बोलत बसलेल्या. मला बघून थांबल्या.

नंतर फाटकापाशी मी विचारलं, धुरपता काय विचारत होती? त्या म्हणाल्या, "काकूंनी विचारलं की तुम्हाला तिथं काय-काय विचारतील. मी सांगितलं. कोण सोबत होतं, पेशंट काय म्हणाली, ऐकून तुम्ही काय केलंत, हेच." गाडीत बसता-बसता त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "काका, साक्षीला उभं राहण्याआधी ती संध्याकाळ एकदा स्वतःशी नीट आठवून बघा."

बघितलं की. रोजच आठवतो. तीस-चाळीस खोल्यांच्या त्या इमारतीत एका माणसानं येऊन पाय बघितला नाही.


२५ मार्च

"केस मागं घ्या," धुरपता सकाळी म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत म्हणाली. मी विचारलं, कुणी येऊन गेलं का, कुणी काही देऊ केलं का? तिनं मान हलवली.

"मग का?"

"मला न्हाई चालवायची."

मी समजावलं. चार प्रतिपक्ष, बोटं, दारं, सगळं सांगितलं. आज आपण सोडलं तर उद्या दुसऱ्या बाईचा पाय जाईल, यंत्र तिथंच उभं आहे. हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच. मला वाटलं, पटलं.

"तक्रारदार कोण हाय?" तिनं विचारलं.

"तू."

"मंग बोलवा वकीलबाईला."


२१ एप्रिल, लातूर

धुरपताला गाडी करून नेलं. ती म्हणाली मी येणार, माझ्या तोंडानं सांगणार. आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, दबाव आहे का कुणाचा? ती म्हणाली, "न्हाई साहेब. माझ्या मर्जीनं." अर्ज मंजूर झाला. किती वेळ लागला? मी नोकरीत असताना समन्सची पोच फाडायला जेवढा लागायचा तेवढा.

बाहेर व्हरांड्यात डॉ. हरिओम उभे होते. केसमधून सुटल्याचं समाधान दिसलं नाही त्यांच्या चेहऱ्यावर. तिच्या खुर्चीपुढे येऊन त्यांनी हात जोडले.

धुरपतानं त्यांचा हात धरला. म्हणाली, "आपरेशन झाल्यावर सांजच्याला एकदा खोलीत येत जा, बाबा. पायाला हात लावून बघत जा. पडद्यावर काय बी दिसू द्या."

ते हो म्हणाले. मग त्यांना रडू कोसळलं, आणि त्यांचा वकील त्यांना बाजूला घेऊन गेला.

डॉक्टरांना माफ केलं तिनं. माझ्याशी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. खरं तर मीच बोललो नाही.


११ मे

लुंबिनी सुट्टीत आली आहे. मी तिला विचारलं, तुझ्या आईनं असं का केलं? मला डोकं फुटायची वेळ आली आहे. ती म्हणाली, "बाबा, ते माझ्याकडून ऐकू नका."

मग धुरपतालाच विचारलं. बराच वेळ तिनं टाळलं.

"जल्मभर तुमी दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन गेलात," शेवटी म्हणाली. "तुमाला तिथं उभं करून परक्या माणसानं विचारलेलं मला बघवलं नसतं."

म्हणजे हिला वाटलं, मला उलटतपासणी झेपणार नाही. उभी हयात कोर्टात काढलेल्या माणसाला! मी तसं म्हणालो. ती हसली. हसण्यात काही नव्हतं. म्हणाली, "हाव. तसंच समजा."

लुंबिनी उठून आत गेली.

दिवसभर बरं वाटत नाही. छातीत काही नाही, बीपी ठीक आहे.


२९ जून

ती संध्याकाळ आठवायचं म्हटलं की सिस्टर दिसत नाही, डॉक्टर दिसत नाहीत. पांघरूण दिसतं. निळ्या पट्ट्यांचं. मी ते पायाशी नीट खोचत होतो.




१७ ऑगस्ट

शंकरप्पा सकाळी आला. त्याची आई लक्ष्मम्मा देगलूरला असते, तिचे दोन्ही गुडघे गेलेत. नांदेडातही आता असलंच एक यंत्र आलं आहे. तो म्हणाला, "भाऊ, तुमाला सगळं ठावं हाय. अव्वाचं रोबोनं करू का नको, तुमीच सांगा."

असं कुणीतरी विचारावं म्हणून मी दीड वर्ष थांबलो होतो. नकाशा, हद्द, हलणारी पीन, चौघांची म्हणणी, सगळं तोंडपाठ आहे. मी तोंड उघडलं.

"कशानंही कर," मी म्हटलं. "पण त्या दिवशी संध्याकाळी अव्वाजवळ कोण बसणार ते आधी ठरव. बसेल त्यानं तिचं ऐकायचं. ती पायाचं काही बोलली तर पांघरूण काढून पाय बघायचा. सिस्टर कामात असली तरी हाक मारायची. वाईट दिसेल म्हणून थांबायचं नाही."

शंकरप्पा माझ्याकडे बघत राहिला. त्यानं मशीनचं विचारलं होतं. मलाही मशीनचंच सांगायचं होतं. हे कुठून निघालं, माहीत नाही. तो थोडा वेळ बसला आणि गेला.

धुरपता दारात खुर्चीवर मेथी निवडत होती. तिचे हात थांबले होते. मी तिच्या खुर्चीशेजारी खाली पायरीवर जाऊन बसलो. रस्त्यानं लोक जात होते, एकदोघांनी नमस्कार केला, तिनंच उत्तर दिलं.

मग मांडीवरची अर्धी जुडी तिनं माझ्या हातात दिली. मी निवडू लागलो.